प्रतिसाद नाही

आई गेल्याला एकवीस दिवस झाले आणि डॉ. अंजुम पटवेगारांचा निरोप आला. तेजस्विनीने तो कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाआड बसून वाचला. आधी सांत्वनाच्या चार ओळी होत्या, खऱ्या वाटणाऱ्या. मग काम होतं. 'सोबत' प्रकल्पाकडे तुमच्या घरातली अडीच वर्षांची ध्वनिमुद्रणं आहेत. एकूण तीन हजार एकशे बारा तुकडे. यंत्राने त्यांना भावनांची जी नावं दिलीत ती चुकीची आहेत, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. ती दुरुस्त करून यंत्राला नव्याने शिकवू शकेल असं आता एकच माणूस उरलं आहे. नको असेल तर तसं कळवा. सगळं पुसून टाकू आणि मी पुन्हा विचारणार नाही.

तिने फोन पालथा ठेवला आणि पुस्तकांवर शिक्के मारत बसली. तिला दुःख होत होतं, असं म्हणणं तितकंसं बरोबर झालं नसतं. तिला झोप येत होती. एकवीस दिवस ती आठ-आठ तास झोपत होती आणि उठल्यावर पुन्हा झोप येत होती. सात वर्षांची झोप एकदम वसुलीला आली होती.

मालन चौगुलेच्या, म्हणजे तिच्या आईच्या, आजाराला नाव मिळालं ते साठाव्या वर्षी. तोवर लोकांनी दिलेली नावंच चालत. इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत ती 'डोक्याची' होती, माहेरी 'नाटकी', सासरी 'अंगात येणारी'. सकाळी ती लेकीची दृष्ट काढायची आणि दुपारी, भाजी आणायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून, तिचे कपडे जिन्यावरून खाली फेकायची. तेजू आठ वर्षांची असताना तिचे वडील भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले ते तिकडचेच झाले. तेव्हापासून घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर पडलं की मालनला ते कायमचंच गेल्यासारखं वाटायचं. ती आधी शिव्या द्यायची, मग पाय धरायची, आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही तर राग स्वतःच्या हातांवर काढायची. मनगटापासून वीतभर वरपर्यंत हिरव्या बांगड्या भरायची ती त्यासाठीच. खुणा झाकल्या जायच्या.

सात वर्षांपूर्वी तेजू पुण्याची नोकरी सोडायची म्हणून आली नव्हती. एका शनिवारपुरती आली होती आणि राहून गेली.

डॉ. पटवेगार सांगलीच्या. पहिल्या भेटीत त्यांनी तेजूला समोर बसवून सांगितलं होतं, "तुमच्या आईचा राग खोटा नाही आणि प्रेमही खोटं नाही. याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. भावना आपल्या सगळ्यांना येतात. यांना त्या लवकर येतात, जोरात येतात आणि ओसरायला फार वेळ घेतात. आपल्याला दहा मिनिटं लागतात तिथे यांना सहा तास. त्या सहा तासांत कुणी नुसतं 'एवढं काय झालंय?' म्हटलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"यावर औषध?"

"गोळी घेतली आणि बरं वाटलं, असं औषध नाही. बोलण्याचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. पण आठवड्यातला एक तास त्या माझ्याजवळ असतात. उरलेले एकशे सदुसष्ट तुमच्याजवळ. आजवर आम्ही घरच्यांना एक माहितीपत्रक द्यायचो आणि नशिबावर सोडायचो."

त्या एकशे सदुसष्ट तासांसाठी 'सोबत' होतं. आईच्या मनगटावर पातळ पट्टा आणि लेकीच्या कानामागे बटणाएवढी चकती. पट्टा कातडीवरचा घाम, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर आणि हाताचं थंड होणं मोजायचा. मनाला कळायच्या आधी शरीराला कळलेलं असतं, आणि त्यावरून लाट येणार हे यंत्राला साधारण चाळीस सेकंद आधी समजायचं. चकती घरातली बोलणी ऐकायची. पट्ट्याची आणि बोलण्याची सांगड घालून कुठल्या शब्दाने ताण चढतो आणि कुठल्या सुराने उतरतो, हे ती शिकायची आणि लेकीच्या कानात हलकेच सांगायची, आता काय बोला, कसं बोला. हजारो घरांतल्या संभाषणांवर ती तयार झाली होती.

मालनने बांगड्या मागे सारून पट्टा बांधून घेतला. "म्हंजे धागा तुटायच्या आधीच ह्येला कळतंय व्हय? मग मागाला लावा की, डॉक्टरीण बाई. माझ्या हाताला कशाला?"

डॉक्टर हसल्या. तेजू हसली नाही, कारण समोरच्या कागदावर तिला सही करायची होती. आईला तीन वेळा रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. चौथी वेळ आली तर निवासी केंद्र, असं त्या कागदावर ठरलं होतं. परतीच्या एसटीत मालन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तितं ठिवून तू कुटं जाणार?"

"कुठं नाही गं."

"न्हाई, सांगून ठेव. म्हंजे मी आधीच मरती."

पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. तेजूला त्या नजरेचीही सवय झाली होती.

कानातली बाई, म्हणजे चकतीतला आवाज, शुद्ध बोलायची. घरात ताट आपटलं की ती म्हणायची, "आईंच्या भावना मान्य करा. आवाज खाली आणा. चेहरा शांत ठेवा. म्हणा, तुला किती त्रास होत असेल हे मला समजतंय." तेजू तसं म्हणायची. यंत्र तिच्या सुराला गुण द्यायचं. पहिल्या आठवड्यात बावन्न मिळाले, दुसऱ्या महिन्यात एकोणनव्वद. तिने आयुष्यात कुठल्याच परीक्षेची एवढी तयारी केली नव्हती.

मालन तिच्याकडे टक लावून बघायची. "काय म्हणतीया ती बाई?"

"काही नाही. मी बोलतेय."

"तू न्हाई बोलत. पावनीगत बोलतीस तू."

शनिवारी दुपारी सांगलीत नातेवाइकांचा गट भरायचा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले गुरवकाका तिथे मुलासाठी यायचे. ते म्हणाले, "माझ्या कानातली म्हणाली, मुलाला सांगा, तुझ्या वेदनेला माझ्या मनात जागा आहे. मी सांगितलं. पोरगं घाबरलं. म्हणालं, बाबा, तुमचा रिपोर्ट आला काय? किती दिवस हाईत?"

सगळे खूप हसले. त्या खोलीत असं हसणं नेहमीच व्हायचं, कारण बाहेर कुणाला यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. त्या गोष्टीत काही शिकण्यासारखंही होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. तेजूच्याही नाही.

इकडे आकडे उलटे चालले होते. चौथ्या महिन्यात तिच्या आवाजाला चौऱ्याण्णव गुण होते आणि आईचा ताण सुरुवातीपेक्षा दीडपट. ताण चढला की यंत्र आणखी हळू बोलायला सांगे. ती आणखी हळू बोले. ताण आणखी चढे. आई आता भांडी आपटायची नाही. ती एका कोपऱ्यात बसून लेकीच्या तोंडाकडे बघत राहायची, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. तेजूला ती सुधारणा वाटली.

पाचव्या महिन्यातल्या एका गुरुवारी ती कॉलेजातून दुपारी लवकर घरी आली, तर दार सताड उघडं होतं. चपला जागेवर आणि आई नाही. पट्ट्याची शेवटची खूण बाजारपेठेतली होती, त्यानंतर काही नाही. कानातली बाई म्हणाली, "खोल श्वास घ्या." तेजूने विहिरीवर पाहिलं, देवळात पाहिलं, स्टँडवर पाहिलं. कागदावरची चौथी वेळ, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आईच्या जिवाची भीती तिला नंतर वाटली, आणि हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन तासांनी तिला मागाचा कारखाना आठवला.

आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे जुने माग आता गावात मोजकेच उरले होते. बाकी सगळीकडे नवे, कमी आवाजाचे. पण मालनने ज्या कारखान्यात तीस वर्षं कांड्यांवर सूत भरलं, तिथे चोवीस माग अजून चालत होते. दार ढकलताच आवाज अंगावर आला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हताच, छातीत धडकायचा. तेजूचं लहानपण त्या आवाजात गेलं होतं. शाळा सुटली की ती इथेच येऊन सुताच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची.

मालन कांडीच्या मशीनपाशी अनवाणी बसली होती. मांडीवर रिकाम्या कांड्या होत्या. तेजू समोर जाऊन उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "आई, तुला किती त्रास..." स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. कानात बाई म्हणत होती, "आसपास गोंगाट आहे. कृपया शांत ठिकाणी जा." मग तीही गप्प झाली.

तेजूच्या आत काहीतरी सुटलं. थकवाच असावा तो. ती ओरडली.

"ऊठऽ! दोन तास हुडकतीया तुला! मेलीस का जिती हायस, कसं कळायचं मला? चपला तरी घालायच्या हुत्यास!"

तिचे डोळे विस्फारले होते, भुवया कपाळात गेल्या होत्या, दोन्ही हात हवेत होते. ती रडत होती आणि शिव्या देत होती. मालनने मान वर करून तो चेहरा पाहिला. सावकाश पाहिला, एखादं पत्र वाचावं तसा. मग तिने उजव्या हाताची पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवई उडवली.

जेवलीस काय?

कारखान्यातली खूण होती ती. तिथे शब्द चालत नसत. सगळ्या बायकांची भाषा हातांची आणि चेहऱ्याची. मूठ वर केली की माग थांबव, धागा तुटलाय. छातीवर दोनदा तळवा म्हणजे मी हाय हितंच. तेजूला हे सगळं येत होतं. वीस वर्षांत तिने ते एकदाही वापरलं नव्हतं.

तिने मान हलवली. न्हाई जेवले.

मालन उठली, तिच्या कानाला तोंड लावून ओरडली, "मग मला कशाला इचारतीस त्रास हुतो का म्हणून? हळू हळू बोलतीस सारखी. तुझा बा बी गेला त्या दिवशी हळूच बोलत हुता!"

त्या दिवशी चौथी वेळ आली नाही.

सोमवारी डॉ. पटवेगारांनी पट्ट्यात साठलेला आलेख पाहिला आणि पट्टा बिघडलाय असं ठरवलं. गुरुवारी दुपारी पावणेचारला, एकशे चार डेसिबलच्या गोंगाटात, ताणाची रेष पाच महिन्यांतल्या सगळ्यांत खालच्या जागी आली होती. "हे होणं शक्य नाही," त्या म्हणाल्या. तेजूने काय झालं ते सांगितलं.  डॉक्टरांनी मालनला शेजारच्या इमारतीत कान तपासायला पाठवलं.

तीस वर्षं मागांच्या आवाजात काढलेली बाई. वरच्या पट्टीतले सूर तिला जवळजवळ ऐकूच येत नव्हते. हळू बोललेल्या वाक्यातले स, त, क ही सगळी अक्षरं तिच्यासाठी गायब होती. हे तिला माहीत नव्हतं आणि गल्लीतही कुणाला माहीत नव्हतं, कारण त्या गल्लीत सगळेच ओरडून बोलत. ती तोंडं वाचायची. इतकी सहज, की तिला ते ऐकणंच वाटायचं.

"आणि यात आमची चूक बघा," डॉक्टर म्हणाल्या. "या आजाराच्या माणसांना कोऱ्या चेहऱ्याची भीती वाटते. तुम्हाला-मला जो चेहरा निर्विकार दिसतो, तो त्यांना बहुतेकदा नाराज दिसतो, सोडून निघालेला दिसतो. हे आम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. आणि आम्ही तुम्हाला काय शिकवलं? आवाज खाली, चेहरा शांत. आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. चेहरा तेवढा पोचत होता, आणि तो आम्हीच पुसून काढला."

मालन कानाचं यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून बघत होती. "ह्यात पन ती बाई हाय काय?"

"नाही मावशी. हे नुसतं."

"मग चालंल."

ती बरी झाली, असं तेजूने कधीच कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं बऱ्यापैकी गेली. लाटा येत राहिल्या. फक्त आता मालन जिन्यात जाऊन मूठ वर करायची, माग थांबव. तेजू जिथे असेल तिथे थांबायची आणि छातीवर दोनदा तळवा ठेवायची. कधी चाळीस मिनिटं दोघी तशाच उभ्या. काही दिवस मूठ वर गेलीच नाही आणि जे बोललं गेलं ते बोललं गेलं. डॉक्टरांनी चकतीतला आवाज बंद करून ठेवला होता. लाट येताना ती नुसती थरथरायची आणि घरातलं बोलणं नोंदवून ठेवायची. माघ महिन्यात एका सकाळी मालन चहा गाळता गाळता खाली बसली आणि उठली नाही. हृदयाचा झटका, मिनिटभराचा. आयुष्यभर ज्या मरणाची धमकी दिली त्याचा नि या मरणाचा काही संबंध नव्हता.

निरोप येऊन आठवडा झाला. 'पुसून टाका' एवढंच लिहायचं, असं तेजूने ठरवलं होतं. तीन हजार तुकडे पुन्हा ऐकायचे, म्हणजे ती सगळी वर्षं पुन्हा जगायची. तेवढं तिच्यात उरलं नव्हतं. ती शनिवारी सांगलीला गेली ती चकती परत द्यायला.

गुरवकाकांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. शेजारी एक नवा माणूस होता, रियाज मोमीन, तिच्याच गावातला, मागावर काम करणारा. तो मोठ्या बहिणीसाठी, नसीमसाठी, आला होता. कान तपासून झाले होते, दोघांचेही अधूच होते. त्याची चकती खिशात होती.

"लावत नाही?" तेजूने विचारलं.

"लावून काय करू, ताई? नसीमआपाशी बोलायला तोंड उघडलं की हिची टकळी सुरू. आवाज खाली, आवाज खाली. मी वरडत न्हाई ओ, बोलतोय! पन हिला ते भांडणच वाटतंय. डॉक्टर म्हणाल्या, हिचं बोलणं बंद करून देतो, नुसती थरथरंल. पन थरथरली तरी मी करू काय? तुमा दोघींस्नी खुणा येत हुत्या म्हणं. आमच्या आपाला त्या येत न्हाईत. मला कोन सांगणार?" त्याने चकती काढून तळहातावर धरली. "दुसरं यंत्र न्हाई व्हय, आपल्यागत बोलणाऱ्या लोकांचं?"

डॉ. पटवेगार खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी तेजूकडे पाहिलं नाही. न पाहण्याचे कष्ट त्या घेत होत्या, हे दिसत होतं.

चकती तेजूच्या पर्समध्येच राहिली.

रविवारी जेवण उरकून ती आईच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसली. पडद्यावर एकेक तुकडा, खाली यंत्राने दिलेलं नाव, आणि दुरुस्तीसाठी यादी: राग, तिरस्कार, भीती, दुःख, स्नेह, तटस्थ, इतर.

पहिला तुकडा. "भवाने, उपाशी मरायचं हाय काय? ताट घे!" यंत्र म्हणत होतं, आक्रमक, एक्क्याण्णव टक्के. तेजूने ते खोडून स्नेह निवडलं. जमेल, असं तिला वाटलं.

चौदावा तुकडा. "तू जल्माला आलीस आन माझं वाटुळं झालं." यंत्र म्हणत होतं, आक्रमक. तिचं बोट यादीवर फिरलं. मग ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली. तिने राग निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'खरा.' आई गेली म्हणून ते वाक्य बदलणार नव्हतं, आणि नसीमच्या भावाला खोटं शिकलेलं यंत्र कामाचं नव्हतं.

चाळिसावा तुकडा तिचा स्वतःचा होता. "मला समजतंय, आई. तुला किती त्रास होत असेल." मऊ, गोड, एकसारखा आवाज. यंत्र म्हणत होतं, स्नेह, शहाण्णव टक्के. तिने तो चार वेळा ऐकला. अशा आवाजाच्या बाईबरोबर एका घरात राहायची तिलाही भीती वाटली असती. इतरसमोर तिने लिहिलं, 'थकवा. बोलणारी इथे नाही.'

उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा ती एकसष्टाव्या तुकड्यावर होती. आधी तिचाच आवाज, दमलेला, दारातून आत आल्याचा. "आले." त्यानंतर सात सेकंद काहीच नाही. यंत्राने लिहिलं होतं, 'प्रतिसाद नाही. असहकार.'

तिने पुन्हा लावला. मग लॅपटॉप कानाजवळ धरून पुन्हा. त्या सात सेकंदांत लांबवर एक रिक्षा गेली. आणि अगदी बारीक, काचेच्या बांगड्या वाजल्या. मनगटावरून कोपराकडे घसरत गेल्या, एका झटक्यात. हात वर उचलला, तोंडाशी नेला, की वाजायच्या तशा.

 तेजूने 'प्रतिसाद नाही' खोडलं आणि टाइप केलं:

'आई बोलते आहे. विचारते आहे, जेवलीस काय.'

तिने बासष्टावा तुकडा उघडला.